घशातला परमा, ओठावरची गरमी : मुखमैथुन, संसर्ग आणि ५०० वर्षांचा संकोच

‘डॉक्टर, फक्त तोंडाने केलं असेल तर गुप्तरोग होतो का?’ हा प्रश्न बरेच जण अगदी शेवटी विचारतात. औषधाची चिठ्ठी घेऊन खुर्चीतून उठताना, आवाज खाली आणून. अनेक जण तर विचारतच नाहीत, इंटरनेटवर शोधतात आणि तिथे एक तर भलती भीती मिळते, नाही तर भलता दिलासा.

उत्तर असं आहे : होय, होऊ शकतो. काही आजारांचा धोका चांगलाच आहे, काहींचा फार कमी. मात्र हे उत्तर द्यायला वैद्यकशास्त्राला खूप वेळ लागला आणि त्याचं कारण फक्त सूक्ष्मदर्शकाचा अभाव हे नव्हतं. तोंड आणि लैंगिक संबंध हे दोन शब्द एका वाक्यात आणायला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही लाजत होते. ही गोष्ट समजून घेतली, तर स्वतःला कसं जपायचं हेही नीट लक्षात राहील.

फिरंग्यांबरोबर आलेला रोग

१४९५ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्या सैन्याने इटलीतलं नेपल्स घेतलं आणि त्याच सुमारास सैनिकांत एक भयानक रोग पसरला. अंगभर फोड, हाडांत ठणका, कुजणारं मांस. इटालियन लोक त्याला ‘फ्रेंच रोग’ म्हणू लागले आणि फ्रेंच ‘नेपल्सचा रोग’. १५३० साली फ्राकास्तोरो या इटालियन वैद्याने या रोगावर दीर्घकाव्य लिहिलं. त्यातल्या सिफिलस नावाच्या मेंढपाळावरून पुढे ‘सिफिलिस’ हा शब्द रूढ झाला. आपण त्यालाच गरमी किंवा उपदंश म्हणतो.

पोर्तुगीज आले आणि हा रोग आपल्याकडेही पोचला. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात भावमिश्रांनी त्याला नावच ‘फिरंग रोग’ दिलं आणि तो शरीरसंबंधातून, अंगाच्या संसर्गातून होतो असं स्पष्ट लिहिलं. त्यावर दोन औषधं सांगितली : पाऱ्यापासून केलेला रसकर्पूर आणि चोपचिनी. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानेही १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात चोपचिनीचं वर्णन केलं आहे.

यात एक बारीक तपशील आहे. रसकर्पूर गव्हाच्या कणकेत गुंडाळून, दाताला लागू न देता गिळावा, अशी सूचना भावमिश्र देतात. कारण पाऱ्याने तोंड सुजतं. युरोपातही पाऱ्याचे उपचार घेणाऱ्यांच्या तोंडातून लाळ गळायची, हिरड्यांना व्रण पडायचे, दात हलायचे. म्हणजे औषध तोंडाचं काय करतं हे वैद्यांना नीट ठाऊक होतं. रोग तोंडातून शिरू शकतो, याकडे लक्ष जायला मात्र बराच काळ जावा लागला.

गरमी आणि परमा यांची सरमिसळ

मराठीत ‘गरमी-परमा’ हा जोडशब्द आहे. कित्येक वर्षं डॉक्टरांनाही हे दोन वेगळे आजार आहेत याची खात्री नव्हती. १७६७ साली लंडनचे प्रसिद्ध शल्यविशारद जॉन हंटर यांनी परमा झालेल्या रुग्णाचा पू टोचून प्रयोग केला. टोचलेल्या जागी गरमीचा व्रण उठला. त्यावरून दोन्ही आजार एकच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या रुग्णाला बहुधा दोन्ही आजार होते! हा गोंधळ पॅरिसच्या फिलिप रिकॉर्ड यांनी १८३८ साली दूर केला. मग १८७९ मध्ये अल्बर्ट नायसर यांना परम्याचा जंतू सापडला आणि १९०५ मध्ये बर्लिनमध्ये शाउडिन व हॉफमन यांना गरमीचा.

हंटर यांच्या प्रयोगातला धडा आजही लागू आहे. एकाच संबंधातून एकाहून जास्त संसर्ग होऊ शकतात. म्हणून एक आजार सापडला की डॉक्टर बाकीच्या तपासण्याही सांगतात. तो तुमच्यावरचा अविश्वास नसतो.

काचकामगारांचे ओठ

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांना ओठांवर, जिभेवर, टॉन्सिलवर गरमीचे व्रण दिसू लागले. फ्रान्समधल्या काच कारखान्यांत तर त्याच्या साथी आल्या. तिथे वितळलेली काच फुगवायची नळी एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जायची. एकाच्या ओठाला व्रण असला की सगळी टोळी आजारी पडायची. जन्मतः गरमी असलेल्या बाळाला पाजणाऱ्या दाईच्या स्तनाला व्रण व्हायचा आणि तिच्याकडून तो रोग दुसऱ्या बाळाच्या तोंडात जायचा.

अशा रुग्णांसाठी डॉक्टरांनी खास नाव काढलं : ‘निष्पापांचा सिफिलिस’. वरवर पाहता ही सहानुभूती होती. पण त्याचा दुसरा अर्थ असा की बाकीचे सगळे पापी. ओठावर व्रण असलेल्या माणसाला नळी, पेला, चमचा यांपैकी काहीतरी कारण सांगता आलं तर तो सुटायचा. त्यामुळे प्रत्येक जण असं कारण शोधायचा आणि डॉक्टरही पुढे विचारायचे नाहीत. मुखमैथुनाने गरमी होते ही गोष्ट अशी चर्चेच्या कडेलाच राहिली.

ती किती मोठी असू शकते हे पाहायचं असेल तर अलीकडची एक नोंद घ्या. अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९९८ ते २००२ या काळात गरमीच्या रुग्णांना संबंधांविषयी नेमके प्रश्न विचारले गेले. तेव्हा सुमारे १४ टक्के रुग्णांत संसर्गाचा मार्ग मुखमैथुन हाच असल्याचं दिसलं. यातल्या अनेकांना वाटत असतं की आपण ‘सुरक्षित’ मार्ग निवडला आहे.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गरमीचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. तोंडात झाला तर ‘तोंड आलंय’ म्हणून आपण बी-कॉम्प्लेक्स घेतो. व्रण जातो, आजार जात नाही. तो रक्तातून पुढे सरकतो. न दुखणारा, कडक कडांचा, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला तोंडातला व्रण डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. संबंधांतून धोका झाला असेल तर व्रण भरला तरी रक्ततपासणी करा. चांगली बातमी ही की १९४३ पासून यावर पेनिसिलिन आहे आणि ते आजही उत्तम काम करतं.

घसा : परम्याची लपायची जागा

परम्याची गोष्ट इतकी सोपी नाही. हा जंतू औषधांना पुरून उरतो. १९३० च्या दशकात सल्फा औषधं आली, दहाएक वर्षांतच ती निकामी होऊ लागली. पेनिसिलिन आलं, १९७६ मध्ये ते मोडून टाकणारे जंतू सापडले. त्यानंतरची औषधंही एकामागून एक गळाली. आता मुख्य भिस्त सेफ्ट्रिअॅक्सोन या इंजेक्शनवर आहे.

या चढाओढीत घशाचा मोठा वाटा आहे. घशातला परमा बहुतेकांना काहीच त्रास देत नाही. झाला तर किरकोळ घसा दुखतो. औषध रक्तातून घशाच्या आतल्या थरांत तितक्या चांगल्या प्रमाणात पोचत नाही. शिवाय आपल्या घशात परम्याच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद कायम राहतात. आपण सर्दी-तापासाठी पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक घेतो तेव्हा हे भाऊबंद औषधाला तोंड द्यायला शिकतात आणि ती विद्या, म्हणजे ते जनुक, परम्याच्या जंतूला देऊन टाकतात. २००९ साली जपानच्या क्योटो शहरात सेफ्ट्रिअॅक्सोनला दाद न देणारा परम्याचा जंतू सापडला. तो एका महिलेच्या घशातून मिळाला होता.

‘मग गुळण्या केल्या तर?’ हा प्रश्नही जुना आहे. लिस्टरिन हे माउथवॉश एकोणिसाव्या शतकात परम्यावरही चालतं म्हणून विकलं जायचं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी ते खरंच तपासलं. २०१६ च्या छोट्या अभ्यासात आशा वाटली, पण २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात रोज गुळण्या करूनही फायदा दिसला नाही. तेव्हा गुळण्यांवर विसंबू नका.

टॉन्सिल आणि एचपीव्ही

१९८३-८४ मध्ये जर्मनीचे हाराल्ड झुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार शोधले. त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. त्यानंतर लक्षात आलं की टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगातही हाच विषाणू आहे. तो तिथे पोचण्याचा मुख्य मार्ग मुखमैथुन. अमेरिकेत घशाच्या या भागातल्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के आज एचपीव्हीशी जोडले जातात.

हे वाचून घाबरू नका. एचपीव्हीचा संसर्ग बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. मोजक्यांचाच टिकतो. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण आजही तंबाखू, गुटखा, मिश्री आणि सुपारी हेच आहे. पण मानेत न दुखणारी गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, मग तुम्ही तंबाखू खात असा वा नसा.

या आजारावर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या देशी लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ही लस शरीरसंबंध सुरू होण्याआधी, ९ ते १४ या वयात दिली तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. ती मुलींसाठी आहे आणि मुलांसाठीही. वय पुढे गेलं असेल तर डॉक्टरांशी बोला.

बाकीचे संसर्ग, थोडक्यात

ओठावर पाणीदार पुटकुळ्या आणणारा हर्पीस तोंडातून जननेंद्रियाकडे सहज जातो. क्लॅमिडिया घशात होऊ शकतो, पण कमी. तोंडाचा गुदद्वाराशी संपर्क आला तर हिपॅटायटिस ए आणि पोटाचे संसर्ग होऊ शकतात. एचआयव्हीचा धोका मुखमैथुनात फार कमी आहे. शून्य मात्र नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल, तोंडात व्रण असेल, वीर्य तोंडात गेलं तर तो वाढतो.

बचावाची साधनंही जुनीच

सोळाव्या शतकात इटलीच्या फालोप्पियो या वैद्याने गरमीपासून बचावासाठी तागाच्या कापडाचं आवरण सुचवलं होतं. म्हणजे कंडोमचं पहिलं काम रोग टाळणं हेच होतं. डेंटल डॅम, म्हणजे रबराचा पातळ चौकोनी पडदा, १८६४ साली न्यूयॉर्कचे दंतवैद्य सँफर्ड बार्नम यांनी दात कोरडा ठेवण्यासाठी काढला. पुढे तोच लैंगिक आरोग्यासाठी वापरात आला. आता तुम्ही काय करायचं ते पाहा :

- मुखमैथुनातही कंडोम वापरा. बिनचिकटाचे, स्वादाचे कंडोम मिळतात. स्त्रीच्या बाबतीत डेंटल डॅम, तो नसेल तर कंडोम लांबीत कापून पसरलेला पडदा.
- तोंडात किंवा जननेंद्रियावर फोड, व्रण, पुटकुळी, स्राव असेल तर तेवढे दिवस थांबा.
- लगेच आधी दात घासू नका, फ्लॉस करू नका. हिरड्यांना बारीक जखमा होतात.
- एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी या लशी घ्या.
- नवीन जोडीदार असेल किंवा एकाहून जास्त असतील तर ठरावीक काळाने तपासणी करा. फक्त लघवी तपासून घशातला परमा सापडत नाही, घशाचा स्वॅब लागतो. तो घ्यायचा की नाही हे डॉक्टरांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.
- आजार सापडला तर जोडीदाराचाही उपचार एकाच वेळी. नाही तर तो पुन्हा तुमच्याकडे येतो.
- दुकानातून स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका.

सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात. तिथे तपासणी आणि उपचार मोफत होतात आणि माहिती गुप्त राहते. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही

मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढणारे र. धों. कर्वे गुप्तरोगांबद्दलही लिहीत. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक १९५३ पर्यंत चालू राहिलं आणि वाचक प्रश्न पाठवत राहिले.

आज तुमच्या प्रश्नावर कुणी खटला भरणार नाही. जंतूला तुम्ही निष्पाप आहात की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला फक्त उशीर हवा असतो. तो उशीर देऊ नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा हा प्रश्न उठताना नको, बसल्या बसल्या पहिल्यांदाच विचारा. एवढंच म्हणा, ‘माझा संबंध तोंडाने आला होता, घसाही तपासाल का?’ पुढचं काम आमचं.