पंचवीसचं कूळ

अंधेरी पश्चिमेच्या एखाद्या एडिट रूममध्ये मालिकेचं फुटेज आलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘पंचवीसनेच शूट केलंय ना?’ म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. चोवीस सिनेमाचे, तीस अमेरिकेचे, पंचवीस आपले, हे इथल्या नव्या पोरालाही लवकरच पाठ होतं. हा पंचवीस कॅमेऱ्यातून आलेला नाही. तो विजेच्या तारेतून आला.

सिनेमाचं गणित वेगळं होतं. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, वेग कमीजास्त झाला तरी चालून जाई. बोलपट आले आणि फिल्मवरच्या आवाजाला एकसारखी गती लागू लागली. हॉलिवूडने २४ धरले, जगाने तेच उचलले. १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली तेव्हा चोवीसचा जम बसलेला होता.

टीव्हीला मात्र सुरुवातीपासून विजेशी जुळवून घ्यावं लागलं. जुन्या संचात विजेची गुणगुण चित्रात शिरे आणि पडद्यावर एक काळपट पट्टा उमटे. चित्राची गती विजेच्या आवर्तनांशी जुळलेली नसली की तो पट्टा वरखाली सरकत राही. जुळली की जागच्या जागी थांबे, फारसा जाणवत नसे. इंग्लंडमध्ये वीज ५० हर्ट्झची, म्हणून १९३६ साली बीबीसीने सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणजे २५ पूर्ण चित्रं धरली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे ३० झाले. १९५३ मध्ये रंग आल्यावर आवाज आणि रंगाच्या लहरींची टक्कर टाळायला ते २९.९७ करावे लागले. तो अपूर्णांक अजून एडिटरांच्या मानगुटीवर आहे.

आपली वीज युरोपसारखी ५० हर्ट्झची. उपनगरांसाठी १९२९ साली ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’, जुन्या रहिवाशांची बीएसईएस, स्थापन झाली, तेव्हा टीव्ही कोणाच्या गावीही नव्हता. १९५९ मध्ये दिल्लीला आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून मुंबईला दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा पंचवीसशिवाय दुसरा आकडा निवडायचं कारणच नव्हतं. १९८२ मध्ये रंग आले ते जर्मनीच्या वॉल्टर ब्रुखच्या पाल पद्धतीने. आकडा तोच राहिला. चोवीसचा सिनेमा टीव्हीवर दाखवताना तो सरळ पंचवीसने पळवत. तीन तासांच्या सिनेमातली सात मिनिटं वाचत आणि गाण्याची पट्टी किंचित चढे.

आता संच बदलले, पडदा कुठलीही गती दाखवतो. वीज मात्र बदलली नाही. बोरिवलीचं बिल अदानीचं, मुलुंडचं महावितरणचं, पण दोन्हीकडची जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंदावते आणि उजळते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. घाटकोपरच्या दुकानात जुन्या ट्यूबखाली, तीस फ्रेम आणि १/६० सेकंदाचं शटर ठेवून रील काढलं की त्यावर पट्टे धावतात. दर फ्रेमच्या वाट्याला प्रकाशाचे पूर्ण ठोके येत नाहीत, एक-पूर्णांक-दोन-तृतीयांश येतात. शटर १/५० केलं की दोन ठोके पुरे, १/१०० केलं की एक. फिल्मवाले चोवीसवर शटरचा कोन १८० ऐवजी १७२.८ अंश ठेवतात, तोही १/५० गाठण्यासाठीच. स्वस्त एलईडीची लुकलुक वेगळीच असते, तिथे आधी टेस्ट शॉट काढून बघणं बरं.

म्हणून दोन निर्णय वेगवेगळे घ्यावेत. काम कुठे दाखवायचं त्यावर फ्रेम रेट: आपल्या चॅनलला २५, अमेरिकेतल्या क्लायंटला २९.९७, सिनेमाला २४. शूट कुठे करायचं त्यावर शटर. अमेरिकेचं काम साकीनाक्याच्या ऑफिसात शूट करायचं असेल तर २९.९७ जरूर लावा, पण शटर १/५० किंवा १/१०० असू द्या. तेच न्यू जर्सीत २५ ने शूट करायचं झालं, तर शटर १/६०.