संगणकावरून टीव्हीवर वेब व्हिडिओ

इंटरनेटवरचा व्हिडिओ घरच्या संगणकामार्फत टीव्हीच्या पडद्यावर दाखवण्याची पद्धत. सर्वांत सोपा मार्ग एचडीएमआय केबलचा. त्यात टीव्ही नुसता मॉनिटर होतो. दुसऱ्या मार्गात संगणक मीडिया सर्व्हर बनतो आणि वाय-फाय किंवा लॅनवरून टीव्हीला व्हिडिओ पुरवतो. प्लेक्स आणि जेलिफिन हे त्यातले प्रचलित सर्व्हर. कास्टिंगही याच पद्धतीत धरले जाते, पण ते सरसकट बरोबर नाही. २०१३ साली आलेल्या क्रोमकास्टमध्ये एरवी संगणक फक्त व्हिडिओचा पत्ता कळवतो आणि टीव्हीला जोडलेले उपकरण तो थेट इंटरनेटवरून घेते. ब्राउझरचा टॅब जसाच्या तसा पाठवला, तरच चित्र संगणकातून जाते. स्मार्ट टीव्ही घरोघरी पोचल्यापासून ही सगळी खटपट कालबाह्य झाली, असा समज आहे. तो खरा नाही. आपले सॉफ्टवेअर मालकाला हवे तेव्हा बदलता येते, अशी या साखळीतली जवळजवळ एकमेव कडी संगणक आहे आणि पद्धतीचे मोल त्यातच आहे.

टीव्हीतली चिप ठरावीक कोडेकच, म्हणजे व्हिडिओ आक्रसून साठवण्याच्या ठरावीक पद्धतीच, उलगडू शकते. २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ आजच्या बहुतेक टीव्हींवर चालतो. २०१८ साली आलेला एव्ही१ त्याआधीच्या टीव्हींना कळत नाही आणि चिप काही बदलता येत नाही. संगणक नवा कोडेक सॉफ्टवेअरच्या बळावर उलगडतो आणि व्हिडिओ चालू असतानाच त्याचा एच.२६४ करून पुढे पाठवतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. फाब्रीस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केलेला एफएफएमपेग हा मुक्त प्रकल्प यासाठी सर्रास वापरला जातो. मराठी सबटायटल्सच्या बाबतीत हा फरक उघड दिसतो. टीव्हीच्या प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. फॉन्ट असून अक्षरजुळणीची सोय नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. संगणकावर लिबअ‍ॅस ही लायब्ररी हार्फबझच्या मदतीने ती नीट जुळवते. जुळवलेली ओळ चित्रातच उमटवून पाठवली की टीव्हीत फॉन्ट असो वा नसो, काही अडत नाही.

टीव्हीतच अ‍ॅप असताना मध्ये संगणक कशाला, हा आक्षेप सोयीपुरता रास्त आहे: रिमोट एकच, वायर नाही, वीजही कमी. पण अ‍ॅप चालू राहणे टीव्ही विकत घेणाऱ्याच्या हातात नसते. २०१५ साली यूट्यूबने आपली जुनी प्रणाली बंद केली, तेव्हा २०१२ पर्यंतच्या अनेक टीव्हींवरचे त्याचे अ‍ॅप थांबले. पडद्यात काहीही बिघाड नव्हता. संगणकाच्या ब्राउझरमध्ये यूट्यूब पूर्ववत चालू होते. याहून बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. मूळ एक्सबॉक्ससाठी लिहिलेल्या आणि २०१४ पासून कोडी नावाने ओळखल्या जाणाऱ्या एक्सबीएमसी या मुक्त प्लेअरवर बॉक्सी हा प्लेअर बेतला होता. त्यातून हुलू या व्हिडिओ-सेवेचे कार्यक्रम आरामात टीव्हीवर पाहता येत. फेब्रुवारी २००९ मध्ये हक्कधारकांच्या मागणीवरून हुलूने ते बंद करायला लावले. तेच कार्यक्रम त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये जाहिरातींसह फुकट दिसत होते! तेव्हा अडचण तंत्राची नव्हती. दिवाणखान्यातल्या पडद्यावरचा ताबा हक्कधारकांना सोडायचा नव्हता, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

दुसरा आक्षेप चित्राच्या दर्जाचा आणि तो अधिक वजनदार आहे. सशुल्क सेवा आपला व्हिडिओ वाइडवाइनसारख्या प्रणालींनी कुलूपबंद ठेवतात. टीव्हीच्या चिपमध्येच सुरक्षेची सोय असेल तर पूर्ण दर्जा मिळतो. ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर बऱ्याच सेवा भरवसा ठेवत नाहीत आणि कमी रेझोल्यूशन देतात. एचडीएमआयवर पुन्हा एचडीसीपी या नक्कल-रोधक प्रणालीची तपासणी असते. जोडलेले एखादे जुने उपकरण तिच्यात अडकले की पडदा काळा पडतो. त्यामुळे ताजा चित्रपट फोर-केमध्ये पाहायचा असेल तर टीव्हीचे अ‍ॅपच बरे, हे मान्य केले पाहिजे. मात्र व्याख्याने, सभांची चित्रणे, हौशी कलाकारांचे प्रयोग असा वेबवरचा फार मोठा साठा कुलपाविना असतो. या पद्धतीवर चाचेगिरीचा शिक्का मारणेही म्हणूनच चूक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. ब्राउझरमध्ये उघडपणे दिसणारा व्हिडिओ केबल लावून घरच्या मोठ्या पडद्यावर पाहणे त्या कलमात बसत नाही.