गेर्डाची लिली

आजची गोष्ट डेन्मार्कमधल्या एका जोडप्याची. दोघंही चित्रकार, लग्न १९०४ सालचं. सांगतात की, एकदा गेर्डाची मॉडेल आली नाही, म्हणून तिनं नवऱ्यालाच बाईचे कपडे घालून समोर बसवलं. त्या कपड्यांत त्याला आपलं खरं रूप सापडलं. आपण आतून बाईच आहोत, हे त्यानं बायकोपासून लपवलं नाही. तिचं नाव पडलं लिली. गेर्डानं तिला तोडलं नाही. उलट तिची चित्रं काढली, ती पॅरिसमध्ये गाजली.

डॉक्टरांकडे मात्र दाद लागेना. कुणी तर वेडाचाच शिक्का मारला. शेवटी १९३० साली जर्मनीत ऐकून घेणारे डॉक्टर भेटले आणि शस्त्रक्रिया सुरू झाल्या. दोन बायकांचं लग्न कायद्यात बसेना, म्हणून त्याच वर्षी राजानं ते रद्द केलं. लिलीला आई व्हायचं होतं. १९३१ साली तिला गर्भाशय बसवलं. पण दुसऱ्याचा अवयव शरीरानं स्वीकारावा, अशी औषधं तेव्हा नव्हती. सप्टेंबरात ती गेली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती नको, असंही तेव्हा म्हटलं. डॉक्टरांना सावकाश विचारावं : शरीरात काय बदलेल, धोका कोणता, नंतर काय? घरी गेर्डासारखं ऐकणारं माणूस असलं, तर हे विचारायला धीर येतो.