भाकरी, ताट आणि मन

पिंपळगाव बसवंतची बाजारपेठ आज द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो यांसाठी ओळखली जाते. तरी या निफाड तालुक्यातील घरांच्या आठवणीत बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी यांचे ताट अजून जिवंत आहे. त्या अन्नाने माणसे मनानेही खंबीर राहत, असे वडीलधारे सांगतात. इतिहासाची साक्ष काय आहे?

दख्खनच्या पठारावर अनेक गरिबांच्या ताटात एके काळी नुसती ज्वारीच उरे. त्यांतील काहींना ‘पेलाग्रा’ जडे. उन्हाने कातडी काळवंडे, जुलाब लागत, मन खिन्न होई आणि शेवटी बुद्धीही भ्रमिष्ट होई. अमेरिकेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना याच रोगाने ग्रासले होते. तेथील मनोरुग्णालयांतही तो आढळे. १९१४ पासून संशोधन करून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले, की याचे मूळ जंतूंत नसून आहारात आहे. १९३७ मध्ये निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायासिन हे जीवनसत्त्व, त्यावरील उपाय ठरले. पुढे १९६० मध्ये हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीतील ल्युसिन या घटकाकडे लक्ष वेधले.

मग ज्वारी वाईट का? नव्हे. जेथे तिच्या जोडीला डाळ, शेंगदाणे व दूध असे, तेथे हा रोग सहसा शिरत नसे. पूर्वजांच्या अन्नाचे बळ एकट्या भाकरीत नव्हते, ते भरल्या ताटात होते. प्रत्येक खिन्नता अन्नाने जाणार नाही, तेथे डॉक्टरच हवा. परंतु शेजाऱ्याचे ताट रिकामे असताना त्याच्या उदास मनाला दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल.