अमेरिकी हायस्कूल आणि वार्षिक संगीतिका

अमेरिकेतील बहुसंख्य हायस्कुलांत शालेय वर्षाच्या उत्तरार्धात एका उपक्रमाची लगबग असते, ती म्हणजे वार्षिक संगीतिका. ब्रॉडवेवर गाजलेली एखादी संगीतिका विद्यार्थी आणि शिक्षक मिळून शाळेच्या सभागृहात सादर करतात. आपल्याकडील स्नेहसंमेलनात अनेक छोटे कार्यक्रम असतात. येथे मात्र दोन-अडीच तासांचा एकच सलग प्रयोग असतो.

डिस्ने चॅनेलने जानेवारी २००६ मध्ये दाखविलेल्या 'हायस्कूल म्युझिकल' या चित्रपटामुळे ही प्रथा जगभर परिचित झाली. केनी ऑर्टेगा यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे चित्रीकरण सॉल्ट लेक सिटीतील ईस्ट हायस्कूलमध्ये झाले होते. पुढे त्याची रंगमंचीय आवृत्तीही शाळांना उपलब्ध झाली. प्रथा मात्र त्याहून बरीच जुनी आहे. शालेय रंगभूमीसाठी १९२९ मध्ये स्थापन झालेली संस्था (आजची एज्युकेशनल थिएटर असोसिएशन) शाळांत सर्वाधिक सादर होणाऱ्या नाटकांची नोंद १९३८ पासून ठेवत आली आहे.

तयारी कशी होते?

नाट्यशिक्षक दिग्दर्शन करतात, गायनशिक्षक गाणी बसवितात आणि बँडचे शिक्षक वाद्यवृंदाचे संचालन करतात. ऑडिशननंतर भूमिकांची यादी लागते आणि दोन-तीन महिने शाळा सुटल्यावर तालमी चालतात. नेपथ्य, प्रकाशयोजना आणि ध्वनी ही कामेही विद्यार्थीच करतात. वेशभूषा, तिकीटविक्री आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल यांत पालकांचा हातभार लागतो. एवढ्या परिश्रमानंतर प्रयोग होतात ते बहुधा एका आठवडाअखेरीस, तीन किंवा चार.

परवान्याचे बंधन

संगीतिका निवडली म्हणजे ती लगेच करता येते असे नाही. हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडून परवाना घ्यावा लागतो. म्युझिक थिएटर इंटरनॅशनल ही अशा कंपन्यांपैकी एक प्रमुख कंपनी. संगीतकार फ्रँक लेसर आणि डॉन वॉकर यांनी ती १९५२ मध्ये स्थापन केली. रॉयल्टी आणि स्वरलिपीचे भाडे हा खर्चाचा मोठा भाग असतो. लेखी अनुमतीशिवाय संवादांत वा गीतांत बदल करता येत नाही. त्यामुळेच काही संगीतिकांच्या खास 'स्कूल एडिशन' तयार करण्यात आल्या आहेत.

वादाचे प्रसंग

शाळेच्या मंचावर काय शोभते, हा प्रश्न वारंवार उद्भवतो. कनेक्टिकटमधील ट्रंबुल हायस्कूलने २०१३ मध्ये 'रेंट'चा प्रयोग आधी रद्द केला. विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर तो २०१४ मध्ये झाला. न्यू जर्सीतील चेरी हिल येथे २०१७ मध्ये 'रॅगटाइम'मधील वर्णद्वेषी अपशब्दांवर आक्षेप आला. चर्चेअंती मूळ संहिताच कायम ठेवण्यात आली. टेक्ससमधील शर्मन येथे २०२३ मध्ये 'ओक्लाहोमा!'मधील एका ट्रान्सजेंडर विद्यार्थ्याची भूमिका काढून घेण्यात आली होती. शाळा मंडळाने क्षमा मागून मूळ पात्रयोजना पूर्ववत केली.

संकटातील आधार

१४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलँड येथील शाळेत झालेल्या गोळीबारात १७ जणांचा बळी गेला. त्या वेळी नाट्यशिक्षिका मेलडी हर्झफेल्ड 'यो, व्हायकिंग्ज!' या बालसंगीतिकेची तालीम घेत होत्या. त्यांनी ६५ विद्यार्थ्यांना एका खोलीत सुरक्षित लपवून ठेवले. ही संगीतिका त्यांनी पुढे रंगमंचावर आणलीच. त्याच वर्षी टोनी पुरस्कार सोहळ्यात नाट्यशिक्षणासाठीचा पुरस्कार देऊन त्यांचा गौरव झाला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या मंचावर गायन केले.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे असंख्य शाळांच्या संगीतिका ऐन प्रयोगाच्या तोंडावर रद्द झाल्या. बारावीच्या विद्यार्थ्यांची ती अखेरची संधी होती. तेव्हा अभिनेत्री लॉरा बेनांटी यांनी, हुकलेली गाणी ध्वनिचित्रित करून पाठवा, असे आवाहन केले आणि त्याला मोठा प्रतिसाद मिळाला.

व्यवसायाची वाट

जेम्स नेदरलँडर यांच्या नावाने २००९ पासून 'जिमी' पुरस्कार दिले जातात. प्रादेशिक स्पर्धांतील विजेते त्यासाठी न्यूयॉर्कला येतात. २०१८ चा विजेता अँड्र्यू बार्थ फेल्डमन पुढच्याच वर्षी ब्रॉडवेवर 'डिअर इव्हान हॅन्सन'ची मध्यवर्ती भूमिका करीत होता. बहुतेकांची वाट मात्र शाळेच्या मंचापाशीच संपते. तरीही एका प्रयोगासाठी शंभर जणांनी एकमेकांवर विसंबून काम करण्याचा अनुभव त्यांना तेथेच मिळतो. वर्गातील अभ्यासक्रमात तो सहसा नसतो.