मोहल्ला नसलेला क्लब

बोट कादिकॉयच्या धक्क्याला लागते आणि तुम्ही उतरता ते थेट १९७६ सालात. पाण्यापलीकडं युरोपचा किनारा दिसतोय. तुम्ही इस्तंबूलच्या आशियाकडच्या अंगाला आहात. डोक्यावरच्या परातीत तीळ लावलेल्या सिमितची चळत घेऊन पोरं फिरताहेत. कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यांतून चहा वाटला जातोय. टपरीच्या बाकावर तुम्ही टेकता न टेकता तोच शेजारचे काका नाव-गाव सोडून पहिलाच प्रश्न टाकतात, "कुठल्या संघाचे तुम्ही?"

या शहरात त्याची उत्तरं तीनच आहेत. बेशिक्ताश, १९०३चा. गलातासराय, १९०५चा, त्याच नावाच्या शाळेतल्या मुलांनी काढलेला. फेनेरबाहचे, १९०७चा, आणि तुम्ही सध्या बसलाय ते त्याचंच घर. प्रत्येकामागं एखादा मोहल्ला आहे किंवा शाळा आहे, बापाकडून मुलाकडं आलेलं वेड आहे. फुटबॉल हा त्यांचा मुख्य धंदा, पण कुस्तीपासून बास्केटबॉलपर्यंत सगळ्यात त्यांचे संघ उतरतात आणि त्यांचा माणूस सगळीकडं त्यांच्यामागं जातो.

याच कादिकॉयमध्ये दुसऱ्या श्रेणीतला एक छोटा बास्केटबॉल क्लब आहे, कादिकॉयस्पोर. त्याची तिजोरी रिकामी झालीय. आणि याच वर्षी एक बिअर कंपनी तो आहे तसा ताब्यात घेते. कंपनीही फार जुनी नाही. एफेस पिल्सेन ही बिअर बाजारात आली १९६९ला. बिअरचं नाव एफेससच्या प्राचीन ग्रीक नगरीवरून घेतलेलं, तेच आता क्लबलाही लागतं. काकांना तुम्ही उत्तर दिलंत, "मी एफेस पिल्सेनचा," तर ते तुमच्यासाठी बिअरच मागवतील. बास्केटबॉलचा विचार त्यांच्या मनातही येणार नाही.

कंपनीचा संघ म्हणजे काय, हे मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको. गिरण्यांचे, बँकांचे, रेल्वेचे कबड्डी आणि क्रिकेटचे संघ आपण पाहिलेत. चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरी द्यायची, मैदानात उतरवायचं. पण गिरणी बंद पडली की संघही जातो. तुर्कस्तानातही तेच झालं. औषधं बनवणाऱ्या एज्जाजबाशी कंपनीचा संघ आठ वेळा देशाचा विजेता झाला, पुढं कंपनीनं पुरुषांचा बास्केटबॉल संघच बंद केला. बुर्साच्या मोटार कंपनीचा तोफाश संघ १९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात मालकांनी लीगमधून अंग काढून घेतलं. बिस्किटवाल्या उल्करचा संघ २००६मध्ये फेनेरबाहचेत मिसळून गेला. कंपनीच्या क्लबचं मरण मैदानावर येत नाही, ते संचालकांच्या बैठकीत येतं. एफेसच्या गोष्टीकडं या पार्श्वभूमीवर पाहा, म्हणजे ती किती अवघड होती ते कळेल.

१९७८ला संघ वरच्या श्रेणीत चढतो, १९७९ला पहिलं अजिंक्यपद. १९८३ आणि १९८४ला पुन्हा. ही वर्षं मी तुम्हाला भराभर ओलांडायला लावतोय, कारण मला तुम्हाला इटलीत न्यायचंय.

१९९३, तोरिनो. तुम्ही युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्याला बसलाय. तुर्की क्लबनं इथवर येणं ही या खेळातली पहिलीच वेळ. समोर ग्रीसच्या थेस्सालोनिकीचा आरिस. धावफलक तुम्हाला चुकल्यासारखा वाटेल, पण तो बरोबर आहे: सामना संपताना आरिस ५०, एफेस ४८. दोन्ही संघांनी एकमेकांना अक्षरशः श्वास घेऊ दिलेला नाही. एका टोपलीचं अंतर. प्रशिक्षक आयदन ओर्स खेळाडूंना घेऊन परत जातो, आणि तुम्हाला वाटतं, अशी संधी पुन्हा कशाला येतेय.

तीनच वर्षं पुढं या. १९९६चा मार्च, कोराच चषकाचा अंतिम सामना. तो दोन भागांत होतो, एक इथं, एक तिथं, आणि दोन्हींचे गुण मिळवून विजेता ठरतो. इस्तंबूलमध्ये एफेसनं मिलानच्या स्तेफानेलला ७६-६८ असं हरवलंय. आठ गुण हातात आहेत. आठवड्यानं मिलानमध्ये दुसरा सामना, आणि तुम्ही पाहुण्या संघाच्या बाकामागं उभे आहात.

समोरच्या संघाकडं नीट बघून घ्या. देयान बोदिरोगा, ग्रेगोर फुच्का, नांदो जेंतिले आणि एनबीएत वर्षानुवर्षं खेळून आलेला रोलांडो ब्लॅकमन. प्रशिक्षक बोग्दान तान्येविच. पुढं हाच माणूस तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होणार आहे. हा संघ त्याच वर्षी इटलीची लीगही जिंकतो आणि इटलीचा चषकही. कागदावर एफेसला इथं फारशी संधी नाही.

आता एफेसच्या बाजूला बघा, कारण माझ्या सांगण्याचा गाभा या बाकावर बसलाय. चेंडू आहे पेतार नाउमोस्कीच्या हातात. मॅसेडोनियातल्या प्रिलेपचा हा गडी स्प्लिटच्या युगोप्लास्तिकाबरोबर युरोपचा विजेता झाला, मग इस्तंबूलला आला, एक मोसम इटलीत ट्रेव्हिसोला काढला आणि परत आला. पुढं तुर्की नागरिक झाल्यावर त्याच्या कागदांवर नाव लागतं, नामिक पोलात. त्याच्या शेजारी मिर्साद तुर्कजान. जन्म सर्बियातल्या नोव्ही पाझारचा, जन्माचं आडनाव याहोविच. ब्रुकलिनचा कॉनराड मॅक्रे आहे, हवेत उडी मारून चेंडू टोपलीत कोंबणारा. चारच वर्षांनी, जेमतेम २९ वर्षांचा असताना, अमेरिकेत सराव करताना तो कोसळेल आणि उठणार नाही. आज रात्री हे इथं कुणालाच ठाऊक नाही. आणि यांच्याबरोबर उफुक सारिजा, वोल्कान आयदन, तामेर ओयगुच, हुसेयिन बेशोक ही घरची मंडळी.

मोहल्ला नसलेल्या क्लबनं काय करावं? ज्यांचं गाव मागं राहिलंय अशांना त्यानं जवळ करावं. एफेसनं नेमकं तेच केलं. युगोस्लाव्हिया तुटत होतं त्या वर्षांत बाल्कनमधून माणसं इस्तंबूलला येत होती, आणि त्याआधीही कित्येक पिढ्या येतच होती. त्या शहराच्या अंगात जे आहे तेच या संघाच्या अंगात आलं. फेनेरबाहचेचा माणूस जन्मानं त्या क्लबचा होतो. एफेसचा माणूस कुठून तरी येतो आणि मग एफेसचा होतो.

सामना सुरू आहे. अशा रात्रीचं गणित विचित्र असतं. सात गुणांनी हरलात तर चषक तुमचा, आठांनी हरलात तर जादा वेळ, नवांनी हरलात तर सगळं गेलं. त्यामुळं तुमचे डोळे धावफलकावर असले तरी मनात दुसराच धावफलक चाललाय. मिलानची प्रत्येक टोपली म्हणजे आठातून दोन वजा. प्रेक्षकांचा आवाज छातीत वाजतोय. नाउमोस्की चेंडू घेऊन मधली रेष ओलांडतो तेव्हा तुम्ही स्वतःलाच समजावता, घाई नको, घाई नको. शेवटचा भोंगा होतो. मिलान ७७, एफेस ७०.

सात! दोन सामने मिळून १४६-१४५. सामना हरलेला संघ मिठ्या मारत नाचतोय आणि जिंकलेला संघ मान खाली घालून आत जातोय. तुर्की बास्केटबॉलचा हा पहिला युरोपीय चषक. फुटबॉललाही युरोपचा चषक घरी आणायला २००० साल उजाडावं लागलं, गलातासरायच्या यूईएफए चषकापर्यंत. मोहल्ल्यांच्या तिन्ही थोर क्लबांच्या आधी हे काम बिअर कंपनीच्या संघानं केलं. मला विचाराल तर, तुर्कस्तानात बास्केटबॉल हा मोठा खेळ झाला तो याच रात्री.

पुढची दारं झपाट्यानं उघडतात. १९९९-२०००च्या मोसमात मिर्साद एनबीएत खेळणारा पहिला तुर्की खेळाडू ठरतो. एनबीएच्या २०००च्या खेळाडू-निवडीत एफेसच्याच शाळेतला हिदायत तुर्कोलू सोळाव्या क्रमांकावर सॅक्रामेंटोकडं जातो. हा बायरामपाशाचा, म्हणजे बाल्कनमधून आलेल्या कुटुंबांनी भरलेल्या इस्तंबूलच्या भागातला मुलगा. २००२मध्ये मेहमेत ओकुर डेट्रॉइटला जातो आणि २००४ला एनबीएचा विजेता होतो. यातला प्रत्येक जण गेला की क्लबचा एक खांब हलतो. तरी २००२ ते २००५ अशी सलग चार राष्ट्रीय अजिंक्यपदं एफेस घेतं, कारण खालच्या वयोगटांतून मुलं येतच राहतात.

२०११. दारू आणि तंबाखूच्या कंपन्यांना खेळात नाव मिरवायला तुर्की सरकारनं नवे नियम करून बंदी घातलीय. एफेस पिल्सेन या नावानं आता मैदानात उतरता येणार नाही. एज्जाजबाशीचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तोफाशचं माहीत आहे. जाहिरातच करता येत नसेल तर संघ पोसायचा कशाला, असं मालक म्हणाले असते तर त्यांना कुणी दोष दिला नसता. ते थांबले नाहीत. क्लबचं नाव 'अनादोलु एफेस' झालं आणि पैसे येत राहिले. या एका निर्णयासाठी मी या मालकांना मानतो. मोहल्ला नसलेल्या क्लबला वाली फक्त मालकच असतो, आणि वालीनं हात काढला नाही.

तरीही २०१७-१८चा मोसम बघवत नाही. युरोलीग या युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत १६ संघ, तीस सामने, सात विजय. एफेस सगळ्यात तळाला. आदल्याच वर्षी, २०१७ला, फेनेरबाहचेनं इस्तंबूलच्याच सिनान एर्देम सभागृहात युरोलीग जिंकून दाखवलीय. तिथली हजारो माणसं पिवळ्या-निळ्या रंगात नाचली होती. एफेसच्या सामन्याला तुम्ही जाता तेव्हा तुमच्या आजूबाजूच्या खुर्च्या मोकळ्या आहेत. डिसेंबरमध्ये एर्गिन आतामान प्रशिक्षक म्हणून परत आलाय, पण तळ काही सुटत नाही.

मग उन्हाळा येतो, आणि पुन्हा तोच जुना मार्ग: माणसं गोळा करा. सर्बियाचा वासिलिये मिचिच येतो. त्यानं आधी एक मोसम बुर्साच्या तोफाशमध्ये काढलाय. बॉस्टनहून शेन लार्किन येतो, बेसबॉलमधल्या बॅरी लार्किनचा मुलगा. ग्वादलूपमध्ये जन्मलेला रॉड्रिग बोब्वा येतो, फ्रान्सचा मोएर्मान, जर्मनीचा तिबोर प्लाइस, तुर्कस्तानचा सेर्ताच शानली. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला आणि आर्मेनियाकडून खेळणारा ब्रायंट डन्स्टन आणि क्रोएशियाचा सिमॉन आधीपासून आहेतच. आर्मेनियाच्या राष्ट्रीय संघाचा माणूस वर्षानुवर्षं इस्तंबूलच्या क्लबचा लाडका असतो, ही गोष्ट त्या दोन देशांचा इतिहास ठाऊक असलेल्याला साधी वाटणार नाही.

तळाचा संघ एका वर्षात, २०१९च्या मेमध्ये, अंतिम फेरीत पोचतो. व्हितोरियाला उपांत्य सामन्यात फेनेरबाहचेला ९२-७३ असं उडवतो आणि अंतिम सामना सीएसकेए मॉस्कोकडून ९१-८३ हरतो. पुढच्या मोसमात लार्किन एका रात्री बायर्न म्युनिचवर ४९ गुण करतो. २८ सामन्यांत २४ विजय होतात. आणि करोना येतो. मे २०२०मध्ये मोसमच रद्द. चषक कुणालाच नाही. मला आजही वाटतं की तो चषक एफेसचाच होता.

२०२१ला युरोलीगच्या अंतिम सामन्याला कोलोनमध्ये तुम्ही एका अवाढव्य सभागृहात जवळपास एकटे बसता. करोनामुळं गॅलऱ्या ओस आहेत, बुटांचे तळवे लाकडी जमिनीवर घासल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो. एफेस बार्सिलोनाला ८६-८१ हरवतं. मिचिच २५ गुण करतो. चषक उचलताना टाळ्या वाजवायला पब्लिक नाही, आणि तुम्हाला क्षणभर कळत नाही की ओरडावं की नाही. ओरडा. पंचेचाळीस वर्षं लागलीत.

एक वर्षानं बेलग्रेड, मिचिचच्या मायदेशाची राजधानी. उपांत्य सामन्यात ऑलिंपियाकोसबरोबर ७४-७४. शेवटचे क्षण. चेंडू मिचिचकडं, सगळ्या सभागृहाला ठाऊक आहे की तोच मारणार, तरी कुणाला अडवता येत नाही. तीन गुण, भोंगा, ७७-७४. आणि अंतिम सामना रियाल माद्रिदशी. हा सामना बघायला सुंदर नाही, बघणाऱ्याचा जीव काढणारा आहे. बचावाच्या भिंती, चुकलेले फटके, धावफलक रांगतोय. प्लाइस त्या रात्री आयुष्यभर सांगावं असं खेळतो, १९ गुण. मिचिच २३. आकडा शेवटी थांबतो ५८-५७वर. पुन्हा एका गुणानं, १९९६सारखंच. लागोपाठ दोन वर्षं युरोपचे विजेते.

२०२३ला संघ विखुरतो. मिचिच ओक्लाहोमाला एनबीएत जातो, आतामान अथेन्सला पानाथिनाइकोसकडं. पुढच्याच वर्षी तो त्या ग्रीक क्लबलाही युरोलीग जिंकून देतो. लार्किन मात्र राहतो. तो २०२०मध्येच तुर्की नागरिक झालाय, तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघातून खेळलाय. नाउमोस्कीनंतर पाव शतकानं त्याच क्लबात तीच गोष्ट पुन्हा घडली, फक्त या वेळी माणूस अमेरिकेतून आला होता. २०२३च्या अजिंक्यपदासह एफेसची राष्ट्रीय अजिंक्यपदं सोळा झाली.

आता तुम्ही वर्तमानात आहात. इस्तंबूलला जाणारे मराठी प्रवासी आया सोफिया बघतात, बाजारात घासाघीस करतात, बॉस्फरसची फेरी मारतात आणि परततात. त्यात एक संध्याकाळ वाढवा. सिर्केजीहून मारमाराय गाडी पकडून काझलीचेश्मेला उतरा. तिथं झेयतिनबुर्नूत पूर्वी आब्दी इपेकची सभागृह होतं, १९८९चं, ते २०१८ला पाडलं. त्याच जागी बास्केटबॉलचं नवं केंद्र उभं राहिलंय आणि एफेस आता तिथं खेळतं. शरद ते वसंत मोसम चालतो. युरोलीगचा सामना बघून तिकीट काढा, आणि शेजारच्यानं विचारलं की कुठल्या संघाचे तुम्ही, तर बिनधास्त सांगा, एफेसचे. या क्लबात बाहेरून येऊनच माणूस आपला होतो.