डाउन सिंड्रोम : मुलांमधील मुखजिवाणू व दंतारोग्य

डाउन सिंड्रोम ही एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची असल्याने उद्भवणारी जन्मजात अवस्था. जॉन लँगडन डाउन यांनी तिचे वर्णन १८६६ मध्ये केले. गुणसूत्राचे कारण १९५९ मध्ये पुढे आले. या मुलांच्या तोंडात दात आणि हिरड्या यांचा हिशेब जुळत नाही. दात बऱ्याचदा किडलेले नसतात, हिरड्या मात्र लहानपणीच दुखावलेल्या असतात. ‘कीड नाही ना, मग झाले’ या समाधानात पालक आणि कधीकधी डॉक्टरही फसतात.

कीड कमी का, याचे उत्तर काही अंशी दातांच्या ठेवणीत आहे. पहिला दात वर्ष उलटल्यावर, कधी दीड-दोन वर्षांनी येतो. म्हणजे साखरेशी त्याची गाठही उशिरा पडते. वरच्या जबड्यातले बाजूचे पटाशीचे दात अनेकदा येतच नाहीत, आलेले दात आकाराने लहान असतात. मधल्या फटींमुळे अन्न अडकून राहत नाही. रात्री दात खाण्याच्या सवयीने दाढांवरच्या खाचा झिजतात, आणि कीड तर तिथेच धरते. तरी प्रत्येक पाहणीत कीड कमीच आढळली असे नाही. गोड औषधी सिरप रोज चालू असेल, तर स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा कीड लावणारा जिवाणू इथेही आपले काम करतोच.

हिरड्यांची गोष्ट वेगळी. पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला हे प्रौढांच्या पायोरियात सापडणारे त्रिकूट. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या दातांवरील थरात हे जिवाणू लहान वयातच बस्तान बसवतात, असे जपानमध्ये अमानो व सहकाऱ्यांना २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पण सगळा दोष जिवाणूंच्या माथी मारता येत नाही. तेवढाच थर असलेल्या इतर मुलांपेक्षा या मुलांच्या हिरड्या अधिक सुजतात. संसर्गाच्या जागी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंद असते, टी-पेशींचे कामही पूर्ण जोमाने चालत नाही; उलट दाह मात्र प्रमाणाबाहेर होतो. दाताला धरून ठेवणारे हाड या दाहात झिजते. मुळे आखूड व निमुळती असल्याने थोडे हाड गेले तरी दात हलू लागतो. वरचा जबडा लहान असल्याने नेहमीच्या मापाची जीभही मोठी वाटते, तोंड उघडे राहते आणि तोंडाने श्वास घेतल्यामुळे हिरड्या सुकतात.

पहिली खूण बहुधा खालच्या पुढच्या दातांपाशी दिसते. खालचा ओठ अलगद खाली ओढून पाहावे. हिरडीची कड फिकट गुलाबी न राहता लाल, फुगीर झालेली असते आणि ब्रश लागताच रक्त येते. रक्त पाहून घासणे सोडून देणे, ही सर्वांत जास्त होणारी चूक. तेव्हाच तिथे जास्त हळुवारपणे, पण न चुकता घासायचे असते.

मुलाचे डोके मांडीवर घेऊन मोठ्या माणसाने मागच्या बाजूने ब्रश फिरवला, की हिरडीची कड नीट दिसते. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. मूल स्वतः घासू लागले की पकड बसावी म्हणून ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवावी. त्यानंतर मोठ्यांनी एकदा हात फिरवावा, तोही पुढची कित्येक वर्षे. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण जिवाणू नव्या दातांची वाट पाहत तोंडातच राहतात.

दंतवैद्याकडे जाताना हृदयाची कागदपत्रे सोबत न्यावीत. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो आणि ठराविक दोषांत दात काढण्यासारख्या उपचारापूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते; एरवी रक्तात उतरलेले तोंडातले जिवाणू हृदयाच्या आतल्या अस्तरावर जाऊन बसू शकतात. काही मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, म्हणून खुर्चीत डोके फार मागे झुकवायचे नसते. हे पालकांनी आधीच सांगावे.